खारी माती

२ जानेवारी १९८४

ही डायरी गेल्या सालची आहे. अनुपमाला तिच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून मिळाली आणि वर्षभर कोरी पडून राहिली. कोरी डायरी घरात असताना नवी कशाला घ्यायची? छापलेला वार रविवार, खरा सोमवार. तेवढं मनात दुरुस्त करून घेतलं की झालं. अनुपमा म्हणाली, "फेब्रुवारी संपला की दोन दिवसांनी चुकेल, लीप वर्ष आहे." बायको गणितात हुशार असली की असं होतं.

शनिवारी फोर्टमधली नोकरी सोडली. बारा वर्षं मी दुसऱ्यांच्या चौदा मजली इमारतींमधल्या संडास-बाथरूमचे नकाशे काढत होतो. आर्किटेक्ट म्हणवून घ्यायची लाज वाटायला लागली होती. आता अठरा कुटुंबांची एक सोसायटी माझ्या भरवशावर आहे आणि त्या अठरात आमचे बाबा एक, सोसायटीतले लोक त्यांना लवू म्हणतात. सगळे एकाच गिरणीतले विणकर, सगळे कुडाळच्या खालच्या अंगाचे. संपाने सगळ्यांना एकदमच घरी बसवलं. गिरणीतून जे काही सुटलं त्यातून त्यांनी मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या कडेला एक जागा घेतली. बांधायला हातात फार उरलं नाही आणि सिमेंट परमिटवर, तेही कधी मिळेल देव जाणे.

म्हणून माझी योजना. जागेतलीच माती खणायची, त्यात नावापुरतं सिमेंट मिसळायचं, हाताच्या यंत्रात दाबून विटा करायच्या. भट्टी नाही, कोळसा नाही, ट्रक नाही. वर मंगलोरी कौलं, पुढे सगळ्यांचं मिळून एक खळं, म्हणजे अंगण, आंघोळीचं पाणी अळूला आणि केळीला. मी नाव दिलंय, 'गरजेपुरतं घर'. ही अठरा घरं उभी राहिली तर या शहराला पुन्हा विचार करावा लागेल. नाही उभी राहिली तर काय, हा विचार मी करणार नाही.

२२ जानेवारी

आमच्या घाटकोपरच्या चाळीत, गच्चीवर सोसायटीची सभा झाली. सोसायटीचं नाव श्री सातेरी. मी तिथूनच सुरुवात केली. म्हटलं, आपली सातेरी म्हणजे वारूळ. आपली देवीच मातीची, मग आपल्याला मातीच्या घराची लाज कसली? वाक्य चांगलं जमलं होतं. पण काशीरामकाका अध्यक्ष आहेत आणि गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते, ते गप्प बसतील तर ना.

"देवी मातयेची खरी रे झिला. पण देवळार गेल्या साली स्लॅब घातलो मा."

सगळी गच्ची हसली. मीही हसलो.

मग मी प्रत्येक घराला एक कागद वाटला. घरातल्या सगळ्या वस्तू लिहायच्या आणि ज्यांच्यावाचून चालेल त्यांच्यापुढे फुली मारायची. आमच्या घरात मी हे केलं तेव्हा एकशे त्रेचाळीस वस्तू निघाल्या, एकोणसाठांत भागतं. काशीरामकाकांच्या वनमालाकाकूंनी कागद तसाच परत दिला.

"संपात भांडी इकली, गळ्यातला इकला. आता कमी करूक काय उरला तां तूच सांग."

सूर जरा तिखट होता. पण त्यांना मुद्दा पटला असावा, कारण शेवटी सगळ्यांनी हात वर केले. अनुपमा म्हणते, परमिट नाही म्हणून हात वर केले. ती प्रत्येक गोष्टीत खोट काढते.

६ फेब्रुवारी

मातीचा रिपोर्ट आला. उत्तम! वाळू, गाळ, चिकणमाती यांचं प्रमाण जणू माझ्यासाठीच ठरवून ठेवलेलं. नमुना मी स्वतः काढला होता. हातभर खणून, बाबांच्या गिरणीच्या डब्यात भरून नेला. प्रयोगशाळेतला माणूस डब्याकडे बघत म्हणाला, "जेवणाच्या डब्यात माती?" मी म्हटलं, यापुढे हेच आमचं अन्न.

११ मार्च

आज भूमिपूजन झालं. भटजी आटोपल्यावर काशीरामकाकांनी गाऱ्हाणं घातलं. लहानपणी गावी ऐकलेलं, तेव्हा कळायचं नाही. एक जण देवाला सांगतो आणि बाकीचे होकार भरतात, एवढीच रीत. पण अठरा घरांतली माणसं त्या उजाड जागेवर एका सुरात ओरडली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

"बा देवा सातेरी माये, म्हाराजा! गिरण गेली, संप झालो, तरी ही तुजी लेकरां तगान हय एकठय झाली, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या मीठागराच्या कडेक घरां बांधतत, ती शेवटाक ने, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज मातयेची बांधतत, उद्या पोरांची स्लॅबाची होवंदेत, म्हाराजा!"

या शेवटच्याला होकार सगळ्यात मोठा आला. बायकांनीसुद्धा ओरडून दिला, बाबांनीसुद्धा. मला हसू आवरेना. आमच्या लोकांना देवासमोरही थट्टा सुचते. काका अगदी गंभीर चेहऱ्याने नारळ फोडत होते, त्यामुळे तर आणखीच मजा आली.

२९ मार्च

यंत्र झकास चाललंय. दोघांनी दांडा दाबला की एक वीट. अठरा घरांतले पुरुष पाळी लावून येतात. कापड विणणारे हात आहेत, लय चटकन पकडतात. खड्डा आता कमरेहून खोल गेला. वरची माती तांबूस होती, खालची काळीभोर, ओलसर, लोण्यासारखी. मी मूठभर उचलून वास घेतला. खाडीचा वास येतो, जिवंत माती!

पुतळाबाई म्हणून खाडीकडच्या गावातली म्हातारी चिखलातली मासळी, निवट्या घेऊन रोज याच वाटेने स्टेशनाकडे जाते. तरुणपणी मिठागरात कामाला होती. आज टोपली उतरवून खड्ड्याशी बसली आणि माती बोटांत चोळून म्हणाली, "वरची ती लोकांनी आनून टाकलेली. ही आमच्या खाजनाची, भरतीचं पानी चढतं तिथली. खारी हाय रं. हिची चूल पन नाय टिकत. चुलीला आम्ही डोंगराकडशी माती आनताव."

किती सुंदर! दाराशी माती आणि चुलीला मात्र डोंगराची. काहीतरी जुना विधी असावा. किंवा असंही असेल की लांबून आणलेली वस्तू तेवढी चांगली, ही आपली हाव चुलीच्या मातीपर्यंत पोचली आहे. हे वाक्य मला पुढे लेखात वापरायचं आहे, म्हणून खाली रेघ मारून ठेवतो.

८ एप्रिल

भांडण. बाबांना मधुमेह आहे, रोज इन्सुलिन टोचून घेतात. बाटली थंड ठेवावी लागते, म्हणून मी माठाशेजारी ओल्या वाळूत जागा करून दिली होती. आज बघतो तर तिथे रिकामी बाटली! भरलेली कुठाय? शेजारच्या गुजराती बेनच्या फ्रिजमध्ये. कधीपासून? दोन वर्षांपासून. अनुपमा रोज सकाळी बशीखाली झाकून आणते आणि परत नेऊन ठेवते.

"अहो, उन्हाळ्यात वाळूसुद्धा तापते," ती म्हणाली. "तुमच्या तत्त्वाला मी हात लावला नाही. फक्त औषध हलवलं."

मी म्हटलं, प्रश्न औषधाचा नाही, विश्वासाचा आहे. ती बशी विसळायला मोरीत गेली. बाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते, झोपलेले नव्हते. मला फार एकटं वाटतं. घरातच कोणी बरोबर नसेल तर बाहेर काय होणार?

१७ फेब्रुवारी १९८५

मधली पानं कोरी राहिली. कामातून वेळ मिळाला नाही. नवी डायरी घेत नाही, यातच दोन वर्षं बसतील.

पहिली रांग पुरी झाली. सहा घरं, भिंतींना गिलावा नाही, विटेचा रंग तसाच दिसतो. दुपारी कौलांखाली बसलं की वारा आरपार जातो. बाबा गेल्या आठवड्यात राहायला आले. आम्हीही यायचं ठरलं होतं. अनुपमा म्हणाली, "एक पावसाळा जाऊ दे." मला लागलं ते. पण आज एका मासिकाचा माणूस येऊन फोटो काढून गेला आणि बाबांनी त्याला सांगितलं, "माज्या झिलान बांधल्यान." माझ्यासमोर बाबा असं कधी बोलले नव्हते. मी मागच्या पडवीत जाऊन डोळे पुसले.

३ मार्च

वनमालाकाकूंनी फ्रिज आणला. जुना, हातगाडीवरून. मला राहवलं नाही. म्हटलं, काकू, एवढ्या हवेशीर घरात हे धूड कशाला? त्यांनी फ्रिजचं दार उघडलं. आत बर्फ नाही, दूध नाही, काहीच नाही. वरच्या कप्प्यात बाबांच्या इन्सुलिनच्या दोन बाटल्या.

"भाजी फुडल्या म्हयन्यात ठेवीन," म्हणाल्या.

मी विषय बदलला. त्यांना वर एक शोकेस हवं आहे. भिंतीत खिळा धरत नाही, ठोकला की माती भुसभुस गळते आणि खिळा हातात येतो. मी हसून म्हटलं, काकू, भिंतच सांगतेय, कमी लटकवा. काका हसले नाहीत. त्यांनी गळलेली माती चिमटीत धरून बराच वेळ पाहिली.

२५ ऑगस्ट

भिंतींवर पांढरी बुरशी आलीय. बुरशी नव्हे, बारीक भुकटी. खालच्या चार थरांवर जास्त. मी सगळ्यांना समजावलं की नवी भिंत पहिल्या पावसाळ्यात घाम टाकते, कोरड्या ब्रशने झाडून टाका. बाबांनी बोट भिंतीवरून फिरवलं आणि जिभेला लावलं.

"मीठ मा रे ह्या."

मी म्हटलं, चुना असेल. बाबा बरं म्हणाले. मिठागराच्या वाऱ्यानेही येत असेल. हो, वाऱ्यानेच. दुसऱ्या रांगेच्या भिंती छातीपर्यंत आल्या आहेत.

२२ सप्टेंबर

पाच घरांत तो पांढरा लोणा वाढलाय, विटांचे पापुद्रे सुटतात. फक्त बाबांच्या घरात नाही! भिंत स्वच्छ, कोपरे भरलेले, खाली कणभर माती नाही. मी आज सगळ्यांना तिथे नेऊन दाखवलं. म्हटलं, बघा, त्याच मातीच्या विटा, तेच यंत्र. राखणारा माणूस पाहिजे. घराची निगा न ठेवता नव्या वस्तू आणायच्या आणि मग भिंतीच्या नावाने बोंबलायचं! बोललो ते जास्तच झालं. पण खरं होतं ते. बाबा मान खाली घालून उभे होते. स्तुती त्यांना कधीच सोसत नाही. पाय जरा ओढत चालत होते. विचारलं तर म्हणाले, चप्पल चावली.

१३ ऑक्टोबर

काशीरामकाका घाटकोपरला आले. चहा अर्धा ठेवला.

"चंदू, माका खरा सांग. घर रवतला मा?"

मी पाऊण तास बोललो. ते ऐकत होते आणि त्यांचं लक्ष माझ्या बोलण्याकडे नव्हतं, हातांकडे होतं. माझी बोटं कपाची कड सारखी पुसत होती हे मला नंतर कळलं.

२४ ऑक्टोबर

दोन विटा प्रयोगशाळेत नेल्या होत्या. तोच माणूस होता. या वेळी डब्यावरून काही बोलला नाही. मीठ आहे. वाऱ्याचं नाही, विटेच्या पोटातलं. ओल लागली की वर येतं, सुकलं की फुगतं आणि विटेला आतून फोडतं. दोन-तीन पावसाळे, त्याहून जास्त नाही. सिमेंटचा हात फिरवला तरी आतलं काम चालूच राहतं.

"तुमचा पहिला नमुना वेगळ्या मातीचा होता," तो म्हणाला. "ही त्या जागेची नाही."

हीच त्या जागेची आहे. नमुना भरणीचा होता. दहा-बारा वर्षांपूर्वी कोणीतरी ट्रकने आणून टाकलेल्या मातीचा. ट्रक नको म्हणणाऱ्या मला ट्रकच्या मातीने पास केलं.

घरी येऊन डायरी मागे उलटली. २९ मार्च. पुतळाबाईचं वाक्य तिथे आहे, शब्द न् शब्द. खाली माझ्या हाताची रेघ. तिने सगळं सांगितलं होतं आणि मी ते सुंदर म्हणून लिहून घेतलं.

२५ ऑक्टोबर

काही सुचत नाही.

३ नोव्हेंबर

अजून कोणाला सांगितलेलं नाही. दहा दिवस झाले. रोज सकाळी मुलुंडला जातो, दुसऱ्या रांगेचं काम बघतो. आज सहदेवने, तरुण आहे, गेल्या वर्षीच लग्न झालं, खिडकीची चौकट माझ्याकडून ओळंब्यात धरून घेतली आणि म्हणाला, "ह्या खिडकीत आमचं बाळ बसेल." मी चौकट धरून उभा राहिलो. मला माणूस म्हणायला नको.

अनुपमाला सांगितलं. वाटलं होतं ती म्हणेल, मी म्हणत होते. ती म्हणाली, "आधी जेवा. उद्या सभा बोलवा."

४ नोव्हेंबर

खळ्यात सभा. उभं राहून सांगितलं. माती खारी आहे, चूक माझी आहे, दुसरी रांग थांबवा, पहिल्या रांगेतल्यांनी पुढच्या पावसाळ्याच्या आत बाहेर पडावं.

कोणी ओरडलं नाही. मला वाटत होतं कोणीतरी कॉलर धरेल, शिव्या घालेल. एक जण तर उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आला. या माणसांना दीड वर्षं संपात बसवून सगळ्यांनी फसवलं होतं, फसायची त्यांना सवय आहे. त्यांच्या रांगेत शेवटचा मी. वनमालाकाकूंनी एवढंच विचारलं, "मगे आमी जावचा खंय?"

मी हातातला दुसऱ्या रांगेचा नकाशा घडी करून खिशात घातला.

१५ डिसेंबर

पावसाळ्यापर्यंतही टिकलं नाही. आज दुपारी काशीरामकाकांच्या मोरीकडची भिंत बसली. आवाजही मोठा झाला नाही, पोतं घसरावं तसा. आत कोणी नव्हतं. मी धावत बाबांच्या घराकडे गेलो.

बाबा खाटेवर होते, तापाने फणफणलेले. डाव्या पायाला फडकं गुंडाळलेलं. सोडलं तर वास आला. अंगठा काळा पडला होता.

"कधीपासून?" मी ओरडलो. ते म्हणाले, होईल बरं.

त्यांना उचलायला खाट सरकवली, तर खाली पत्र्याचे चार डबे. तीन मिठाच्या भुकटीने आणि गळलेल्या मातीने काठोकाठ भरलेले. चौथ्यात सिमेंट, थापी आणि चाळलेली माती. मी भिंतीवर हात फिरवला. खालचा सगळा भाग लिंपलेला होता, वरून विटेचा रंग जुळवून. लेपाला एक भेग होती, तिथे अंगठा दाबला तर आत गेला.

काकूंनी रिक्षात सांगितलं. बाबा पहाटे उठून रोज भिंत झाडायचे, पडलेलं भरून काढायचे. अनवाणी, त्या मिठात उभे राहून. मी येण्याच्या आत सगळं पुसून ठेवायचे. एकदा पायावर वीट पडली. मधुमेहात पायाला कळत नाही. सप्टेंबरात मी पाच घरांना ती भिंत दाखवली तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना, माझ्याशिवाय. माझी बोलणी त्यांनी ऐकून घेतली, बाबांसाठी.

१९ डिसेंबर

अंगठ्यावर भागलं नाही. डावा पाय घोट्याच्या वरून काढला.

१ जानेवारी १९८६

हॉस्पिटलात बाबांशी आज धड बोलता आलं. मी विचारलं, बाबा, का केलंत हे? मला सांगायचं होतंत. तुम्हाला तर जीभ लावताच कळलं होतं.

ते छताकडे बघत होते. हॉस्पिटलला स्लॅब आहे.

"गिरणीत ताग्यात डाग पडलो तर आमी तो आतल्या घडयेत घालू," ते म्हणाले. "सायबान बगल्यान नाय म्हणजे झाला. कपडो तसोच ऱ्हवता. माका ठावक होता रे. पण तू इलंस काय भिंतीकडे बगी, आणि तुजा तोंड..." त्यांनी चादर पायावर ओढली. मग म्हणाले, "तेवडाच दिसभर पुराचा माका."

मी त्यांचा हात धरला. मला रडायला येत होतं आणि त्यांच्यासमोर रडायचा हक्क नाही असंही वाटत होतं. मी लोकांना सांगत फिरलो की थोडक्यात जगा. माझ्या बापाने आयुष्यभर थोडक्यातच काढलं. त्यातलं त्यांच्याजवळ जास्तीचं म्हणावं असं काय होतं, तर मीच.

२६ जानेवारी

अनुपमाने फ्रिज घेतला. हातगाडीवाल्याबरोबर मी तो जिन्यावरून वर चढवला. यादीत वस्तू किती झाल्या ते मोजलं नाही.

९ फेब्रुवारी

घरं पाडायचं ठरलं. विटा कोणी घेत नाही, कौलं आणि लाकूड तेवढं निघेल. सहदेव बायकोला घेऊन गावी गेला, मूल तिकडेच होईल. चार कुटुंबं भांडुपच्या डोंगरावर झोपडी बघतात. बाकीचे नातेवाइकांकडे. जागा अठरा जणांच्या नावावर आहे, पण तिच्यावर बांधायला आता कोणाकडे काही नाही.

वनमालाकाकूंचा फ्रिज हातगाडीवर चढवला जात होता. त्यांनी त्यातून बाबांची बाटली काढली, ओल्या रुमालात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "तापवू नको," म्हणाल्या. माझ्या कपाळाला हात लावावा असं त्यांना वाटलं असावं, हात उचलला होता. मग खाली घेतला.

वाटेवर पुतळाबाई भेटली. टोपली डोक्यावर. थांबली, पडलेल्या भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघत होतो की ती काहीतरी बोलेल. मला ते हवं होतं. ती निवट्यांचं पाणी झटकत पुढे गेली.

१६ फेब्रुवारी

डायरीतलं हे पान दोन्ही वर्षं कोरं राहिलं होतं. छापलेला वार बुधवार, खरा रविवार. आता किती दिवसांनी चुकतो ते मी मोजत नाही.

आज पहिला घाव घालण्याआधी गाऱ्हाणं. बांधताना देवाला सांगितलं तर मोडतानाही सांगायला हवं, काशीरामकाका म्हणाले. अठरांपैकी अकरा घरांतली माणसं आली होती. बाबांना मी खुर्चीत बसवून आणलं, गुडघ्यावर घोंगडी. अनुपमा त्यांच्या मागे उभी. मी सगळ्यात मागे, खड्ड्याच्या कडेला. खड्ड्यात भरतीचं पाणी साचलंय.

"बा देवा सातेरी माये, म्हाराजा! तुज्या लेकरांनी हय घरां बांधली, ती आज आपल्या हातान मोडतत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"जी खंय जातली थय तेंका सांभाळ, पोराबाळांका उपाशी ठेवू नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

काका थांबले. मागे वळून पाहिलं नाही, पण मला कळलं की आता माझं नाव येणार.

"लवूच्या झिलान ह्या सगळा बऱ्या मनान केल्यान. तेच्या हातसून जी काय चूक झाली असात, ती तुज्या पदरात घे आनी तेका मोकळो कर, म्हाराजा!"

कोणी होकार दिला नाही.

मी सगळ्यांच्या पाठी बघत होतो. वनमालाकाकूंची पाठ, काकूंच्या बाजूला उभे असलेले विणकर, ज्याने सभेत मला पाणी आणून दिलं तोही. एकानेही मान हलवली नाही. ते रागावलेले नव्हते. देवासमोर खोटं कसं बोलणार, एवढंच. काका नारळ हातात घेऊन वाट बघत राहिले.

मग खुर्चीतून बाबांचा आवाज आला, घोगरा, एकट्याचा.

"व्हय म्हाराजा."

काका आणखी थोडा वेळ थांबले. दुसरं कोणी बोलत नाही असं पाहिल्यावर त्यांनी नारळ फोडला आणि पहार सगळ्यात आधी बाबांच्या भिंतीला लावायला सांगितली, कारण ती लिंपलेली होती आणि पडायला वेळ घेणार होती.